घरच्या वर्कशॉपसाठी टेबल सॉ: मोटर नंतर बघा, आधी फेन्स

एका वाचकाचा टेबल सॉबद्दलचा (टेबलातून वर आलेल्या गोल पात्यावर लाकूड कापायचं यंत्र) प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातली तीन बाय चार मीटरची एक खोली वर्कशॉपसाठी मोकळी केली आहे. पुस्तकांची कपाटं, ड्रॉवर, एखादं टेबल एवढंच काम. बहुतेक प्लाय, अधूनमधून भरीव लाकूड. पैसे बेताचे. समोर चार पर्याय आहेत: नावाजलेल्या कंपनीचा 210 मिमी पात्याचा छोटा सॉ, तेवढ्याच पैशांत मिळणारा अनोळखी ब्रँडचा 254 मिमीचा मोठा सॉ, कुणीतरी विकायला काढलेला बिडाच्या टेबलाचा जुना सॉ, आणि हातातला सर्क्युलर सॉ प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवून घरीच केलेला जुगाड. यातलं काय घ्यावं?

उत्तर आधी सांगतो, कारणं मग. पहिला घ्या. दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका. तिसरा काही अटींवर चालेल. चौथ्याचा विचार आजच सोडा.

माझा पहिला टेबल सॉ मी खोक्यावरचे आकडे वाचून घेतला होता. पातं मोठं, वॅट जास्त, टेबल रुंद, किंमत कमी. आणखी काय हवं? पहिल्याच आठवड्यात सहा ड्रॉवरच्या फळ्या चिरायला घेतल्या. सगळ्या 100 मिमी रुंद हव्या होत्या. निघाल्या त्या कुठे 100, कुठे 101, आणि एकाच फळीच्या दोन टोकांत मिलिमीटरभर फरक. वर प्रत्येक फळीच्या कडेवर काळपट जळका पट्टा. दोन महिने मी माझ्याच हाताला नावं ठेवत होतो. मग एके दिवशी फेन्स, म्हणजे ज्या पट्टीला टेकवून आपण लाकूड पुढे सरकवतो ती, लॉक करून तिचं मागचं टोक अंगठ्याने ढकलून पाहिलं. ते दीड मिलिमीटर सरकलं आणि तिथेच राहिलं. माझा हात बरा होता. मी लाकूड जेवढं दाबत होतो तेवढी फेन्स मागे हटत होती.

म्हणून स्वस्त सॉ निवडताना माझा पहिला प्रश्न मोटरचा नसतो. मोटर कमी पडली तर लाकूड हळू ढकलायचं, फारतर दोन खेपांत कापायचं, काम होतं. फेन्स वाकडी असेल तर त्यावर इलाज नाही. पातं आणि फेन्स समांतर नसली की दोन गोष्टी होतात. फेन्स मागच्या बाजूला पात्याकडे झुकलेली असेल तर लाकूड दोघांच्या कचाट्यात सापडतं, कड जळते आणि किकबॅकला, म्हणजे पात्याने लाकूड उलट तुमच्याकडे फेकण्याला, आमंत्रण मिळतं. उलट बाजूला जास्तच उघडी असेल तर लाकूड फेन्सपासून सुटायला बघतं आणि कडेवर दातांचे ओरखडे उठतात. आणि जी फेन्स दर खेपेला वेगळ्याच कोनात लॉक होते, तिला एकदा नीट लावूनही उपयोग नसतो. पुढच्या खेपेला ती पुन्हा आपल्या मनाची राणी.

दुकानात जाताना एक स्टीलची पट्टी, एक खात्रीचा गुण्या आणि जमलं तर एक सरळ धारेची ॲल्युमिनियमची पट्टी बरोबर ठेवा. विक्रेता मोटर चालू करून दाखवायला उत्सुक असतो. त्याला दोन मिनिटं थांबायला सांगा. फेन्स पात्यापासून साधारण 100 मिमीवर आणून लॉक करा. टेबलावर पात्याला समांतर जी खाच असते, मायटर गेज (आडव्या कापासाठी लाकूड टेकवायची कोनाची पट्टी) सरकवायची, तिच्यापासून फेन्सचं अंतर पुढे मोजा, मग मागे मोजा. फेन्स सोडा, दूर न्या, परत आणा, लॉक करा, पुन्हा मोजा. असं पाच वेळा. फरक कायम अर्धा मिलिमीटर येत असेल तर हरकत नाही, तो स्क्रू फिरवून काढता येतो. पण दर वेळी वेगळा आकडा येत असेल तर ते यंत्र तिथेच ठेवा. मग अंगठ्याची परीक्षा: लॉक केलेल्या फेन्सचं मागचं टोक बाजूला दाबायचं. थोडं लवून परत जागेवर आलं तर ठीक. सरकून तिथेच राहिलं तर माझ्या पहिल्या सॉची भावंडं अजून बाजारात आहेत असं समजा.

छोट्या सॉमध्ये आता एक चांगली पद्धत मिळते: रॅक अँड पिनियन फेन्स. टेबलाच्या पुढच्या आणि मागच्या कडेला दात्यांच्या पट्ट्या असतात, एक नॉब फिरवला की फेन्सची दोन्ही टोकं एकदम सरकतात. त्यामुळे ती तिरकी व्हायला जागाच कमी राहते, आणि केसभर इकडे-तिकडे करणंही सोपं जातं. डीवॉल्टच्या डीडब्ल्यूई 7485 मध्ये ही आहे. त्याचं पातं 210 मिमीचं, वजन 22 किलोच्या आसपास, आणि फेन्स पात्याच्या उजवीकडे सुमारे 62 सेंटीमीटरपर्यंत जाते. बॉशच्या जीटीएस 635-216 चं तर नावच माहितीपत्रक आहे: 635 मिमीपर्यंत फेन्स, 216 मिमीचं पातं. हेच घ्या असं माझं म्हणणं नाही. तुमच्याकडे जे मिळतं, ज्याचे सुटे भाग आणि कार्बन ब्रश पाच वर्षांनीही मिळतील, ते बघा. पण तुलना करायला मापं ही.

62 सेंटीमीटर या आकड्याला अर्थ आहे. प्लायची शीट 1220 बाय 2440 मिमीची असते. तिची अर्धी रुंदी 610 मिमी. फेन्स तिथपर्यंत जात असेल तर कपाटाची कुठलीही बाजू, कुठलाही कप्पा तुम्ही या सॉवर कापू शकता. याहून कमी जाणारी फेन्स घेतलीत तर पहिल्याच कपाटाला अडाल. याहून खूप जास्त जाणारीसाठी पैसे मोजणं या खोलीत तरी वाया.

मात्र पूर्ण शीट उचलून या सॉवर ठेवायची कल्पना करू नका. 18 मिमी प्लायची पूर्ण शीट 30 किलोच्या वर भरते. म्हणजे ज्या यंत्रावर तुम्ही ती ढकलणार, त्याहून ती जड. सॉ सरकेल, शीट तिरकी होईल, आणि पुढचं व्हायला अर्धा सेकंद पुरतो. शीट जमिनीवर थर्मोकोलच्या जाड तुकड्यांवर आडवी टाका, सरळ पट्टी क्लॅम्प करा आणि हातातल्या सर्क्युलर सॉने पाच मिलिमीटर जास्तीचे, हाताळता येतील असे तुकडे करा. मग टेबल सॉवर नेमक्या मापाला आणा. मी आजही असंच करतो, आणि माझ्याकडे आता मोठा सॉ आहे.

इथेच तो अवघड प्रश्न येतो. तुमचं काम खरोखरच नव्वद टक्के प्लायचं असेल तर आधी टेबल सॉ कशाला? चांगला सर्क्युलर सॉ आणि त्याची मार्गदर्शक पट्टी घेतली तर कपाटं होतात, खोलीत जागा उरते, आणि बोटं पात्यापासून लांब राहतात. टेबल सॉची खरी गरज लागते ती एकाच रुंदीच्या दहा-वीस पट्ट्या काढताना, भरीव लाकूड चिरताना आणि ड्रॉवरच्या बारीक, वारंवार त्याच मापाच्या कामात. तुम्ही ड्रॉवर आणि भरीव लाकूड दोन्ही लिहिलंय म्हणून मी टेबल सॉच्या बाजूने आहे. नुसती कपाटं असती तर नसतो.

आता फेन्सच्या बरोबरीची गोष्ट, किंवा खरं तर तिच्याही आधीची: रायव्हिंग नाईफ. पात्याच्या मागे, पात्याच्याच ओळीत उभा असलेला वक्र पत्रा. तो काय करतो हे कळायला पातं कसं फिरतं ते बघा. तुमच्या बाजूचे दात वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबतात. तिथे सगळं गुण्यागोविंदाने चालतं. मागच्या बाजूचे दात खालून वर येतात. लाकडाची कापलेली कड त्या दातांना लागली की ते लाकूड उचलतात आणि तुमच्याकडे फेकतात. 210 मिमीचं पातं मिनिटाला 5800 फेरे घेत असेल तर त्याच्या दातांचा वेग निघतो सेकंदाला सुमारे 64 मीटर, म्हणजे ताशी 230 किलोमीटर. लाकूड त्या वेगाने येत नसलं, तरी हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही हे नक्की. रायव्हिंग नाईफ कापाच्या फटीत उभा राहून लाकडाला मागच्या दातांपर्यंत पोचूच देत नाही. भरीव लाकडात आतला ताण सुटून चिरलेली फळी मागे मिटते, तेव्हाही हाच पत्रा फट उघडी ठेवतो.

माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर 30 सेंटीमीटरचा प्लायचा एक चौकोन टांगलेला आहे. त्याच्या खालच्या पृष्ठभागावर एका कोपऱ्याजवळ सुरू होऊन कमानीसारखी वळत गेलेली एक खोल खाच आहे. फेन्सला टेकवून तो कापत होतो, रायव्हिंग नाईफ काढून ठेवला होता (“दोन मिनिटांचं तर काम”), कापाच्या शेवटी तुकडा फेन्सपासून जरासा सुटला, फिरला आणि मागच्या दातांवर चढला. दातांनी जाता जाता काढलेली ही कमान. तुकडा माझ्या पोटात बसला, काळानिळा डाग तीन आठवडे होता. त्यापेक्षा जास्त लक्षात राहिलं ते हे की तुकडा फिरताना माझा डावा हात पात्याच्या दिशेने ओढला गेला होता. चार बोटांच्या अंतरावर थांबला. थांबला म्हणजे मी थांबवला नाही, थांबला.

खरेदी करताना बघायचं ते असं. नाईफ पात्याबरोबर वर-खाली होतो का आणि पातं तिरकं केल्यावर त्याच्याबरोबर कलतो का? दातांपासून त्याचं अंतर सगळीकडे 3 ते 8 मिलिमीटरच्या आत राहतं का? तो काढायला-घालायला हत्यार न लागता खटका आहे का? आणि त्याची वरची कड पात्याच्या टोकापेक्षा किंचित खाली ठेवता येते का, म्हणजे खाच पाडतानाही तो काढावा लागणार नाही? जुन्या सॉवर नुसता स्प्लिटर असायचा, वरच्या गार्डसकट एका जागी पक्का. खाच पाडायची तर तो काढावाच लागे, आणि एकदा काढलेला स्प्लिटर कुठल्या कपाटात गेला हे पुढे कुणालाच आठवत नाही. वापरलेल्या सॉची जाहिरात बघा, फोटोत गार्ड क्वचितच दिसतो.

म्हणूनच तिसऱ्या पर्यायाला मी अटी घातल्या. बिडाचं टेबल आणि इंडक्शन मोटर असलेला जुना सॉ हे खरं तर सुंदर यंत्र. जडपणामुळे कंप नाही, आवाज कमी, मोटर थकत नाही, पट्ट्याने चालणारी असेल तर दुरुस्तीही कुणीही करू शकतो. टेबलावरचा गंज दिसला म्हणून घाबरू नका. तेल आणि बारीक पॉलिश पेपरने तो निघतो, वर मेणाचा हात द्यायचा. बघायचं ते वेगळंच. प्लग काढून पातं उतरवा, आर्बर म्हणजे ज्या दांड्यावर पातं बसतं तो, धरून वर-खाली हलवा. हाताला खेळ जाणवला किंवा फिरवताना खरखर लागली तर बेअरिंग गेलं. बेअरिंग बदलता येतं, पण आर्बरच वाकला असेल तर सौदा सोडा. उंचीचं आणि कोनाचं चाक शेवटपर्यंत फिरवून बघा. आत वर्षानुवर्षांचा भुसा आणि डिंक घट्ट बसलेला असतो. पातं मायटर स्लॉटला, म्हणजे मायटर गेजच्या त्याच खाचेला, समांतर नसेल तर ते जुळवायची सोय आहे का, म्हणजे ज्या आधारावर ते टांगलेलं आहे त्याचे बोल्ट सैल करून हलवता येतं का, हे विचारा. आणि शेवटची अट: रायव्हिंग नाईफ किंवा निदान बसवता येईल असा स्प्लिटर असायलाच हवा. नसेल तर हौशी माणसाने, एकट्याने काम करणाऱ्याने, ते यंत्र घेऊ नये. अनुभवी सुतार त्यावर चाळीस वर्षं काम करत असेल. त्याच्या हाताची सगळी बोटं आहेत का तेही बघा.

त्या यंत्राची अजून एक अडचण जागेची. शंभर किलोच्या पुढचं धूड खोलीत एकदा बसलं की बसलं. तीन बाय चारच्या खोलीत मधोमध ते ठेवून भोवती फिरायचं म्हणजे आयुष्यभर कुल्ल्याला कोपरा लागणार. छोटा सॉ भिंतीशी उभा करून ठेवता येतो.

जागेचं गणित बहुतेकांचं इथेच चुकतं, म्हणून आकड्यात सांगतो. 2.4 मीटर लांबीची फळी चिरायची तर पात्याच्या पुढे 2.4 मीटर हवेत आणि मागेही 2.4. मध्ये यंत्र. म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास सरळ मोकळी रेषा. तुमच्या खोलीत ती नाही. दोन उपाय: सॉ दाराच्या ओळीत लावायचा, म्हणजे फळीचं शेपूट बाहेर जाईल, किंवा चिरण्याआधी फळ्या जवळपासच्या लांबीला तोडून घ्यायच्या. बुककेसचे कप्पे मीटरभराचे असतात, त्यांना पावणेतीन मीटर पुरतात. मागे बाहेर पडणाऱ्या लाकडाला आधार मात्र हवाच. जेवढ्या उंचीचं सॉचं टेबल त्याच उंचीचं, किंवा दोन मिलिमीटर खालचं, साधं प्लायचं टेबल मागे ठेवा. फळी मागे खाली झुकायला लागली की माणूस नकळत पात्यावरून हात पुढे नेतो. बऱ्याच जखमा लाकूड पकडायला जाण्यातून होतात, कापण्यातून नव्हे.

मोटरबद्दल थोडक्यात, कारण दुकानात त्यावरच सगळी चर्चा होते. छोट्या सॉमध्ये युनिव्हर्सल मोटर असते, मिक्सरमध्ये असते तशीच: हलकी, वेगवान, कर्कश, कार्बन ब्रशवाली. 1500 ते 1800 वॅट भरपूर झाले. खोक्यावर “3 एचपी” लिहिलं असेल तर जरा हिशेब करा. 1 एचपी म्हणजे 746 वॅट. अमेरिकेतल्या घरगुती 120 व्होल्टच्या 15 अँपिअर सर्किटमधून जास्तीत जास्त 1800 वॅट ओढता येतात, म्हणजे कागदोपत्री 2.4 एचपी, आणि मोटरमधल्या तोट्यानंतर पात्यावर त्याहून कमी. मग ती 3 एचपी येते कुठून? क्षणभराचा झटका मोजून. वॅट बघा, एचपीचं स्टिकर विसरा. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे लांब, बारीक वायरची एक्स्टेन्शन वापरू नका. व्होल्टेज पडतं, मोटर तापते, आणि लोक यंत्राला शिव्या घालतात.

स्विच बघा. बंद करायचं बटण मोठं हवं, गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल असं, कारण ते दाबायची वेळ येते तेव्हा दोन्ही हात लाकडावर असतात. आणि वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. हे दुकानातच तपासता येतं: चालू असताना प्लग काढा, पातं पूर्ण थांबू द्या, प्लग परत लावा. गप्प राहिला तर उत्तम.

पात्याच्या व्यासाबद्दल लोक उगाच अडतात. 210 मिमीचं पातं सरळ उभं असताना साधारण 65 मिमी जाड लाकूड कापतं, 254 मिमीचं 79 च्या आसपास. तुमच्या कामात 65 मिमीपेक्षा जाड काय आहे? फारतर टेबलाचे पाय, आणि तेही एका बाजूने अर्धं, उलटून अर्धं असे कापता येतात. छोट्या पात्याला छोटी मोटर पुरते, पातं कमी लवतं आणि स्वस्तही पडतं. एकच तोटा खरा: खाचा पाडायचा जाड डॅडो संच बहुतेक छोट्या सॉवर बसत नाही, आर्बर आखूड असतो. त्या खाचा राउटरने (खाचा कोरायचं हातातलं यंत्र) पाडा, जास्त स्वच्छ येतात. म्हणून दुसऱ्या पर्यायातला तो “मोठा” सॉ मोठा आहे तो फक्त पात्यात. तेवढ्याच पैशांत व्यास वाढवायचा तर कंपनीने कुठेतरी काटकसर केलेली असणार, आणि ती बहुधा फेन्स, टेबल आणि कोनाच्या लॉकमध्ये सापडते.

चौथा पर्याय, उलटा बसवलेला सर्क्युलर सॉ. मला याचा मोह कळतो. मीही एकदा केला होता. पातं खरंच फिरतं, लाकूड खरंच कापलं जातं, म्हणून ते चालतंय असं वाटतं. पण खालचा स्प्रिंगचा गार्ड बांधून ठेवावा लागतो, चालू राहावं म्हणून ट्रिगरला पट्टी लावावी लागते, रायव्हिंग नाईफ नाही, आणि फेन्स म्हणजे क्लॅम्प केलेली एक पट्टी, दर खेपेला मापून लावायची. म्हणजे टेबल सॉमधल्या ज्या ज्या गोष्टींसाठी पैसे द्यायचे, नेमक्या त्याच यात नाहीत. दोन दिवस काम केलं आणि सर्क्युलर सॉ सोडवून परत हातात घेतला.

बोट लागताच पातं थांबवणाऱ्या तंत्राबद्दल लोक हमखास विचारतात, म्हणून एवढंच. सॉस्टॉप कंपनीने 2004 मध्ये ते बाजारात आणलं. पात्यावर सूक्ष्म विद्युत संकेत असतो, शरीराचा स्पर्श झाला की तो बदलतो, ॲल्युमिनियमचा ब्रेक पात्यात घुसतो आणि 5 मिलिसेकंदांत पातं थांबतं. ब्रेक आणि बहुधा पातंही फुकट जातं, बोट वाचतं. परवडत असेल तर डोळे मिटून घ्या. पण बेताच्या पैशांत ते बसत नाही, आणि लक्षात ठेवा, किकबॅक ते थांबवत नाही. त्याला रायव्हिंग नाईफच लागतो.

आता पैसे कसे वाटायचे. सगळे पैसे सॉवर घालू नका, साधारण तीन चतुर्थांश घाला. बरोबर येणारं पातं बहुतेक वेळा जेमतेम असतं. एक 40 दातांचं चांगलं कार्बाईडचं पातं घ्या, त्यावर चिरणं आणि आडवा काप दोन्ही निभावतं. प्लायच्या आडव्या कापाला ढलप्या उडतात, त्यासाठी पुढे कधीतरी 60 दातांचं घ्या. जाड भरीव लाकूड चिरायला 24 दातांचं. घेताना एक मेळ जुळवायला विसरू नका, जो मी दोनदा विसरलो: रायव्हिंग नाईफ पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या कापापेक्षा पातळ हवा. नाईफवर त्याची जाडी कोरलेली असते. समजा 2.2 मिमी असेल, तर काप 2.6 मिमीचा आणि पत्रा 1.8 मिमीचा चालेल; पण 2 मिमीच्या कापाचं नाजूक पातं लावलंत तर लाकूड नाईफवर येऊन अडकेल आणि तुम्ही चिडून नाईफ काढाल. आर्बरचा व्यासही बघा, 15.88, 25.4 आणि 30 मिमी असे तिन्ही प्रकार चालतात, आणि चुकीच्या भोकाचं पातं वॉशर कोंबून बसवायचं नसतं.

उरलेले पैसे कानांवर आणि फुप्फुसांवर. युनिव्हर्सल मोटरचा सॉ 100 डेसिबलच्या आसपास ओरडतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या मोजपट्टीने 85 डेसिबल आठ तास चालतात, दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला दिवसाची पंधरा मिनिटं. म्हणून इअरमफ हवेतच, बंद खोलीत तर नक्कीच. लाकडाचा भुसा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला आहे. दिसणारा भुसा झाडूने जातो, न दिसणारा तासन् तास हवेत तरंगतो. सॉच्या मागच्या तोंडाला शॉप व्हॅक्यूम लावा, वर मास्क. हातमोजे मात्र घालू नका; मोज्याचा धागा दातात सापडला तर हात मागोमाग जातो.

सॉ घरी आल्यावर लगेच कापायला बसू नका. प्लग काढलेला ठेवा. पात्याच्या एका दातावर पेनने खूण करा. तो दात पुढे आणून मायटर स्लॉटपासून त्याचं अंतर मोजा, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. तोच दात, कारण पातं स्वतः किंचित लवलेलं असलं तरी मग मोजणीत गडबड होत नाही. फरक 0.1 मिमीच्या आत आणायचा. फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचं माप) असेल तर सोपं, नसेल तर मायटर गेजला एक लाकडी ठोकळा क्लॅम्प करून दात त्याला नुसता घासतो का ते कानाने ऐका. पुढे आणि मागे आवाज सारखा यायला हवा. पातं जुळलं की फेन्स त्याच स्लॉटला जुळवा. मी मागच्या टोकाला कागदाच्या जाडीएवढी उघडी ठेवतो, झुकलेली कधीच नाही. मग गुण्याने पातं टेबलाशी काटकोनात आणा.

पहिल्या दिवशी दोनच गोष्टी बनवा. एक पुश ब्लॉक, म्हणजे फळी ढकलायचा ठोकळा, मागे टाच असलेला, प्लायच्या तुकड्यातून, कारण सॉबरोबर येणारी प्लॅस्टिकची काठी फळीला फक्त ढकलते, खाली दाबत नाही. दुसरी क्रॉसकट स्लेड, म्हणजे आडव्या कापासाठी फळीसकट पात्यावरून सरकणारी पाटी. छोट्या सॉच्या टेबलाला पात्यापुढे जागा कमी असते, रुंद फळी मायटर गेजवर ठेवली की गेजची पट्टी स्लॉटमधून बाहेर लोंबते. स्लेडने ती अडचण बरीच कमी होते. 12 मिमी प्लायचा तळ, खाली स्लॉटमध्ये सरकणाऱ्या दोन पट्ट्या, पुढे एक फळी आणि मागे, म्हणजे तुमच्या बाजूला, एक फेन्स. मागच्या फेन्सच्या बाहेर, पातं जिथून बाहेर येतं तिथे, जाड ठोकळा चिकटवा, नाहीतर कापाच्या शेवटी पातं बाहेर येतं ते नेमकं तुमच्या अंगठ्यापाशी.

स्लेडची फेन्स आधी एकाच स्क्रूवर ठेवा आणि काटकोन असा तपासा: 40 सेंटीमीटरचा प्लायचा चौकोन घ्या, एक कड कापा, कापलेली कड फेन्सला लावून पुढची कापा, असं चारही बाजूंनी फिरवत जा. पाचव्या कापाला पहिल्या बाजूची एक पट्टी काढा आणि तिची दोन्ही टोकं कॅलिपरने मोजा. एक टोक 20.0 आणि दुसरं 20.8 आलं तर फरक 0.8, तो चार कापांत साठलेला, म्हणून चारने भागा. 40 सेंटीमीटरला 0.2 मिमी चूक. फेन्स त्या स्क्रूपासून 40 सेंटीमीटरवर तेवढीच सरकवा, फेन्सला टेकवून ठेवलेला एक ठोकळा आणि मध्ये 0.2 ची फीलर गेज घातली की किती सरकवायचं ते डोळ्याने ठरवावं लागत नाही. पुन्हा पाच काप. माझ्या आत्ताच्या स्लेडला तीन फेऱ्या लागल्या, आणि तिसऱ्या फेरीनंतरच मी दुसरा स्क्रू आवळला.